यशवंत दाबके यांची प्रकृती आणि कोरियन काढा

"दहा आठवड्यांत दहा किलो," यशवंत दाबके दारातूनच म्हणाला. "घाल त्या कॅलेंडरवर खूण. दहा किलो उतरवले नाहीत तर दाबके हे आडनाव लावणार नाही."

वसुधा बटाटे सोलत होती. तिने कॅलेंडरकडे मान वळवली नाही. "अहो, आधी बूट काढा. जिना आत्ताच पुसलाय. या आठवड्यात जिन्याची पाळी आपली आहे."

यशवंतने बूट काढले, म्हणजे पाय झटकून भिंतीवर मारले. खाली वाकून नाडी सोडणं त्याने गेल्या वर्षापासून बंद केलं होतं, आणि त्याबद्दल तो बूट बनवणाऱ्यांना दोष देत असे.

हा माणूस एकोणसाठ साली डार्मश्टाटला आला तेव्हा अठ्ठावन्न किलो होता. तिथल्या प्रोफेसरांनी त्याला पहिल्यांदा पाहून खिडकी बंद करून घेतली होती, वाऱ्याने जाईल म्हणून. पण यशवंत शाकाहारी. जर्मनीत शाकाहारी माणसापुढे काय ठेवायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे जिथे जाई तिथे लोक त्याच्यापुढे केक ठेवत. बाकीचे मांस खात, हा केक खाई. त्यांना दुसऱ्यांदा मांस वाढलं की याला दुसऱ्यांदा केक. अशी सात वर्षं गेली. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट हातात आली आणि वजनही.

आता गावाबाहेरच्या एका रंगांच्या कारखान्याने त्याला नोकरी देऊ केली होती. प्रयोगशाळा पाहून झाली, साहेबांशी हस्तांदोलन झालं, फक्त कारखान्याच्या डॉक्टरची सही राहिली होती. ती आणायला तो सकाळी गेला होता. डॉक्टर ब्रुख यांनी त्याला काट्यावर उभं केलं, दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाले, "चौऱ्याण्णव किलो. रक्तदाब एकशे साठ. दहा आठवड्यांनी या. चौऱ्याऐंशी असाल तर सही करतो."

सही नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर राहण्याचा परवाना नाही. परवाना सप्टेंबरअखेर संपत होता. मग सांगलीला परत, थोरल्या भावाच्या, दिनकरदादाच्या घरी. निघताना स्टेशनवर दादा चारचौघांत म्हणाला होता, "हा काय टिकतोय तिथे. परत येईल, याची खोली कोणाला देऊ नका." ती खोली अजून कोणाला दिलेली नव्हती. दादा प्रत्येक पत्रात तसं कळवत असे. आणि वसुधाला नुकतंच इथल्या ग्रंथालयात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं होतं. सांगलीचं नाव तिलाही नको होतं.

"मग डॉक्टरला काय म्हणालात तुम्ही?" वसुधाने विचारलं.

"काय म्हणणार? यावोल, हेर डॉक्टर."

"आणि?"

"आणि डांके शोन."

'होय साहेब' आणि 'आभारी आहे', जर्मनमध्ये एवढंच बोलून आलेल्या यशवंतने पाण्याचा पेला आपटला, आणि मग डॉक्टरला द्यायचं होतं ते सगळं उत्तर वसुधाला दिलं. माणूस म्हणजे काय बटाट्याचं पोतं आहे का, काट्यावर टाकून किंमत करायला? दहा किलो म्हणजे काय पोस्टाचं पार्सल आहे, उद्या रवाना करतो म्हणायला? वसुधाने चार बटाटे संपवले तरी तो डॉक्टरच्या शिक्षणापर्यंतच पोचला होता. त्याच्या रागाचं असंच होतं. बाहेर कोणी काही बोललं की तो राग सांभाळून, न सांडता, ट्राममधून घरी आणी आणि स्वयंपाकघरात ओती.

पहिला आठवडा कोबीच्या सूपवर गेला. त्या आठवड्यात त्याने हीटरला शिव्या दिल्या, कोबीला दिल्या, आणि शेजारच्या चर्चच्या घंटेला तर मराठीतून दम भरला. सातव्या दिवशी औषधांच्या दुकानातल्या काट्याने चौऱ्याण्णवच दाखवले.

आता पाकची गोष्ट. पाक हा प्रयोगशाळेत पलीकडच्या टेबलावर काम करणारा कोरियन. बारीक, नीटनेटका, आणि इतका सावकाश बोलणारा की त्याचं वाक्य संपेपर्यंत समोरच्याचं सूप निवे. दुपारच्या जेवणाला यशवंत, पाक आणि श्रीपाद एकत्र बसत. श्रीपाद यशवंतचा सांगलीचा तिसरीपासूनचा मित्र. शाळा, कॉलेज, बोट, सगळं दोघांनी बरोबरच केलेलं. त्या दिवशी यशवंतने ताटातली जेली बाजूला सारलेली पाहून पाकने काटा खाली ठेवला.

"माझे वडील तेगू शहरात वैद्य आहेत," तो म्हणाला. "आमच्या घरात चार पिढ्या हेच काम. ते वजनाचं औषध देतात. पण आल्झो, म्हणजे असं बघा, जाड माणसाला औषध देता येत नाही. माणसाला द्यावं लागतं."

"म्हणजे?"

"माणसांचे चार प्रकार. तुमच्या भाषेत कसं सांगू? थोरलं ऊन, थोरली सावली, धाकटं ऊन आणि धाकटी सावली. थोरल्या सावलीचा माणूस आडव्या हाडाचा, खाणारा, मनातलं मनात ठेवणारा. धाकट्या उन्हाचा माणूस छातीने रुंद, पोटात आग, डोक्यात आग. धाकट्या सावलीचा भित्रा, हातपाय गार, दोन घास खाल्ले की पोट भरतं. थोरल्या उन्हाचा माणूस माझ्या वडिलांनी आयुष्यात तीन वेळा पाहिला. प्रत्येकाचं औषध वेगळं. एकाचं वजन उतरवणारा काढा दुसऱ्याचं चढवतो."

"आमच्याकडे तीनच प्रकार आहेत," श्रीपाद म्हणाला. "वात, पित्त आणि कफ."

पाकने थोडा विचार केला. "मग तुमच्याकडे एका प्रकारची माणसं औषधावाचून राहत असतील."

यशवंतला त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसू आलं. त्याने औषध मागवायचं ठरवलं.

पाकचे वडील एरवी माणसाला संपूर्ण दुपार समोर बसवून ठेवत. चालणं बघत, नाडी बघत, चहा देत आणि तो कसा पितो ते बघत. इतक्या लांबून ते शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी चाळीस प्रश्नांचा कागद करून ठेवला होता. पाकने तो कोरियनमधून जर्मनमध्ये उतरवून दिला. अट एकच. रुग्णाने स्वतः तो भरायचा नाही. माणूस स्वतःबद्दल खरं लिहीत नाही, असं वडिलांचं मत होतं. जो त्याला सगळ्यांत जास्त वर्षं ओळखतो, त्याने भरायचा.

"मी भरते की," वसुधा रात्रीचं ताट मांडताना म्हणाली.

"सगळ्यांत जुना माणूस असं लिहिलंय," यशवंत घाईने म्हणाला. "तुझी चार वर्षं. श्रीपादची बावीस."

"चार वर्षं, पण चोवीस तासांची."

"नियम म्हणजे नियम. तो काही मी केलेला नाही."

श्रीपादने कागद भरला तो प्रयोगशाळेत, ऊर्ध्वपातन चालू असताना, थेंब मोजत मोजत. श्रीपाद हा सज्जन माणूस. मित्राबद्दल वावगं लिहायला त्याचा हात धजत नसे. अर्ध्या तासात त्याने चाळीस उत्तरं लिहिली, पाकिटात घातली आणि पाककडे दिली. पाकने शिस्तीप्रमाणे नक्कल करून ठेवली आणि पत्र विमानाने गेलं.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पार्सल आलं. घरी नाही, जकात कचेरीत. यशवंतला तिथे जाऊन ते सोडवावं लागलं. अधिकाऱ्याने दोरा कापला. आत ऐंशी पांढऱ्या पुड्या, आणि पुडीत मुळ्या, साली, कसल्याशा चकत्या, वाळलेल्या बोरांसारखं काहीतरी.

"हे काय आहे?"

"चहा," यशवंत म्हणाला.

अधिकाऱ्याने एक पुडी नाकाशी नेली आणि लगेच लांब केली. "हा तुम्ही आपखुशीने पिता?"

"बिट्टे शोन," यशवंत म्हणाला, म्हणजे 'कृपा करून', कारण दुसरं काही सुचलं नाही. मग घरी येऊन त्याने वसुधाला जर्मन जकात खात्याबद्दल पाऊण तास ऐकवलं.

काढा दिवसातून दोनदा. मातीच्या भांड्यात दोन तास मंद आचेवर. मातीचं भांडं नव्हतं म्हणून वसुधाने लोणच्याची बरणी वापरली, ती तडकली, मग दूध तापवायचं पातेलं घेतलं. ते पातेलं पुढे दुधाला कधीच चाललं नाही. वास आधी आल्याचा, मग दालचिनीचा, मग ओल्या लाकडाचा, आणि त्याखाली जुन्या कपाटाचा. खालच्या मजल्यावरून घरमालकीण फ्राऊ होप्पे वर आल्या. बाई साठीची, लढाईत नवरा गेलेला, घरात खायला घालायला कोणी नाही म्हणून भाडेकरूंना केक करून घालणारी.

"फ्राऊ दाबके, काही जळतंय का?"

"नाही, औषध आहे."

"कोणाचं?"

"यांचं."

फ्राऊ होप्पेंनी आत डोकावून पाहिलं. "पण ते अजून जिवंत आहेत ना?"

यशवंतने आतून हसून हात केला. दार बंद झाल्यावर त्या हसण्याची वसुली झाली. स्वतःच्या घरात काढा उकळायची चोरी, हा काय न्याय, वगैरे.

तिसऱ्या दिवशी त्याला भूक लागली.

म्हणजे एरवीही लागत असे. पण ही भूक वेगळी. ती पोटातून निघून खांद्यापर्यंत येई. पहाटे तीनला तो उठून बसे आणि अंधारात विचारी, "ब्रेड आहे का?" आठ स्लाइस, मग दहा. ब्रेड इतका पातळ का कापतात म्हणून बेकरीवाल्याचा उद्धार. हातपाय कधी नव्हे ते गरम. तिथल्या मे महिन्यातल्या गारठ्यातही खिडक्या उघड्या, कोट खुंटीला. आणि राग असा तापलेला की वसुधाने मीठ पुढे सरकवलं तरी तो विचारी, "का? अळणी आहे असं म्हणायचंय तुला? मी म्हणालो का तसं?"

"लागू पडतंय," तो दर सकाळी पेला रिकामा करून म्हणे. "आतली चरबी जळते आहे. त्याशिवाय एवढी भूक लागत नाही. शास्त्र आहे."

फ्राऊ होप्पेंना तर आनंदाचं भरतं आलं. सात वर्षं हा माणूस केकचे दोन तुकडे घेऊन लाजून थांबत असे. आता एका रविवारी त्याने अर्धा ट्रे संपवला आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघत राहिला. "अखेर," त्या डोळे पुसत म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोन ट्रे केले.

दोन आठवड्यांनी तो औषधांच्या दुकानात गेला आणि काट्यावर चढला. साडेशहाण्णव.

दुकानदारीण म्हणाली, "सगळं ठीक?"

"सगळं ठीक. डांके," यशवंत म्हणाला आणि टोपी उचलून बाहेर पडला.

घरी आल्यावर मात्र त्याने सरळ वसुधाचा हात धरून तिला दुकानात नेलं. काटा बिघडलाय, त्याने वाटेत दोनशे वेळा सांगितलं. वसुधा काट्यावर चढली. एक्कावन्न. लग्नात एक्कावन्न, बोटीवर एक्कावन्न, आजही एक्कावन्न. काट्यात खोट नव्हती. परत येताना यशवंत ट्रामशीच भांडला, पण ट्राम गेल्यावर.

त्यापुढच्या आठवड्यात अठ्ठ्याण्णव.

आता थट्टेची वेळ राहिली नव्हती. वसुधाने रविवारी पाक आणि श्रीपादला चहाला बोलावलं. दोघं आले. पाकने येताना ती नक्कल आणली होती. त्याचा चेहरा उतरला होता. चार पिढ्यांत वडिलांचं औषध उलटं पडल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

"मी वाचते," वसुधा म्हणाली आणि कागद हातात घेऊन जर्मनचं मराठी करत वाचू लागली. "प्रश्न पहिला. राग लवकर येतो का? उत्तर. कधीच नाही. अत्यंत शांत व मनमिळाऊ."

यशवंत खुर्चीत नीट बसला. त्याला ते वाईट वाटलं नाही.

"आवाज कसा आहे? मृदू. भूक कशी आहे? बेताची, मिळेल त्यात समाधान. छाती रुंद की कंबर?" वसुधा थांबली. "उंची पाच फूट सात, वर्ण गोरा."

"त्यात छातीचं कुठे आलं?" यशवंत म्हणाला.

"पोटाची काही तक्रार? निर्व्यसनी. थंडी सोसते का? थोरल्या भावाचा शब्द मोडत नाही." वसुधाने कागद खाली ठेवला. तिचा आवाज बदलला होता. "हे मी आधी वाचलंय."

तिने श्रीपादकडे पाहिलं.

"बासष्ट साली आमच्या अण्णांना पत्र आलं होतं. मुलाची माहिती. अत्यंत शांत व मनमिळाऊ. मिळेल त्यात समाधान. ते पत्र अण्णांनी मला तीन वेळा वाचून दाखवलं. त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं. भावजी, ते पण तुम्ही लिहिलं होतंत?"

श्रीपादने चहातली साखर ढवळली. "यशवंतचं अक्षर वाईट आहे, वहिनी."

"अक्षराचं विचारत नाहीये मी."

"अहो, माणसाच्या स्वभावाबद्दल कोणी लेखी विचारतं तरी कधी? आयुष्यात एकदाच. मग हात त्याच वळणाने जातो. आणि मित्राचं स्थळ म्हणून—"

"अरे, पण स्थळ नव्हतं ते," यशवंत उठून उभाच राहिला. "औषध होतं. वैद्याने चरबीबद्दल विचारलं आणि तू त्याला माझं गोत्र कळवायचं तेवढं बाकी ठेवलंस."

"गोत्राला जागा नव्हती," श्रीपाद प्रामाणिकपणे म्हणाला.

"तीन आठवडे उरलेत का तीन दिवस, काही कळतंय का तुला? मी सांगलीला जाऊन दादाच्या खोलीत बसू? तू मला मृदू लिहिलंस. मृदू. हा माझा आवाज मृदू आहे?"

खाली फ्राऊ होप्पेंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

आता श्रीपादलाही राग आला. सज्जन माणसाला राग आला की तो आधी चष्मा काढतो. त्याने चष्मा काढला. "मी खोटं काय लिहिलं? सात वर्षं आपण एका टेबलावर काम करतो. तुझा आवाज चढलेला कोणी ऐकलाय तिथे? म्युलरने तुझा तीन महिन्यांचा फ्लास्क फोडला तेव्हा तू त्यालाच सॉरी म्हणालास. त्याला खुर्ची दिलीस बसायला."

"म्युलरचा फ्लास्क?" वसुधा म्हणाली. "त्या फ्लास्कवरून आमच्याकडे सहा दिवस लढाई चालली होती. मला वाटत होतं, तो म्युलर दवाखान्यात आहे. मी यांना म्हटलं पण, फुलं घेऊन जाऊ या का."

पाक इतका वेळ एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. मराठी त्याला कळत नव्हतं, पण यशवंतचा चढलेला आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला होता. त्याने हळूच विचारलं, "आल्झो, हेर दाबकेंचा राग घरात असतो?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," वसुधा म्हणाली.

"आणि बाहेर?"

"बाहेर नसतो," श्रीपाद म्हणाला.

पाकने नक्कल पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाला, "माझ्या वडिलांच्या कागदावर घरात की बाहेर असा प्रश्नच नाही. माणूस दोन्हीकडे एकच असतो असं ते धरतात."

"आमच्याकडे तसं धरत नाहीत," वसुधा म्हणाली आणि पेन शोधायला उठली.

तिने नवे चार कागद भरले. यशवंत तिच्या खांद्यावरून वाचायला गेला तेव्हा तिने हाताने झाकलं. बाराव्या प्रश्नाला जागा पुरली नाही म्हणून तिने मागच्या बाजूला लिहिलं. श्रीपादचा जुना कागदही पाकने तिच्या कागदासोबत लावला, कारण त्याच्या मते दोन्ही खरे होते. पत्र पुन्हा विमानाने गेलं. उत्तर येईपर्यंत काढा थांबवावा की नाही हे कोणालाच सांगता येईना. यशवंतने थांबवला नाही. अर्धवट सोडलेलं औषध अंगावर येतं, असं त्याची आई म्हणायची. पुड्याही निम्म्याच उरल्या होत्या.

उत्तर आलं ते तपासणीच्या आदल्या दिवशी. पाक ते घेऊन धावतच आला आणि जिन्यातच उभं राहून त्याने वाचून दाखवलं.

"मुला, तू मला दोन माणसांचे कागद पाठवलेस आणि नाव एकाचंच लिहिलंस. घरातला माणूस धाकटं ऊन आहे. बाहेरचा धाकटी सावली. मी दिलेलं औषध सावलीचं. ते भित्र्या माणसाला ऊब देतं, भूक देतं आणि बोलायला लावतं. पण त्याच कपाने घरातला माणूस पेटत असेल. दोघांना एका कपातून औषध देता येत नाही. दोघांपैकी एकाला घरी ठेव आणि दुसऱ्याला माझ्याकडे पाठव. तोवर औषध बंद."

"शेवटची पुडी आज सकाळी संपली," वसुधा म्हणाली.

यशवंतने त्या दिवशी आरडाओरडा केला नाही. तो खिडकीपाशी बसून राहिला. सप्टेंबरअखेर कोणतं सामान बोटीने पाठवायचं आणि कोणतं विकायचं, एवढंच त्याने एकदा विचारलं. वसुधाच्या ग्रंथालयाची किल्ली टेबलावर होती, ती तिने उचलून पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर ब्रुख यांच्या खोलीत काटा नव्व्याण्णववर जाऊन थांबला. नर्सने आकडा मोठ्याने वाचला. कारखान्याची तशी शिस्तच होती, काट्यावरचा प्रत्येक आकडा नर्सने वाचायचा आणि वहीत लिहायचा.

डॉक्टर ब्रुख यांनी जुना कागद पाहिला, नवा पाहिला. "हेर डॉक्टर दाबके, मी कमी व्हायला सांगितलं होतं."

यशवंतने यावोल म्हणायला तोंड उघडलं. सात वर्षांची सवय. पण ऐंशी पुड्यांची मुळी पोटात होती, हातपाय तापलेले होते, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो स्वयंपाकघरातला होता.

"कमी?" तो म्हणाला. हे मराठीत. पुढचं जर्मनमध्ये. त्याच्या जर्मनमध्ये एरवी प्रत्येक नामाच्या लिंगापाशी अडखळायला व्हायचं. त्या दिवशी एकही चूक झाली नाही. तो म्हणाला की कमी कसं व्हायचं, या देशात मांस न खाणाऱ्याला केकशिवाय काही मिळतं का? तो म्हणाला की मी कोबी खाल्ला आहे, मी ओलं लाकूड प्यायलो आहे, जकात कचेरीत खोटं बोललो आहे. त्याने म्युलरचा फ्लास्क काढला. तीन महिन्यांचं काम, तीन महिन्यांचं, आणि मी त्याला खुर्ची दिली. डॉक्टरांना म्युलर कोण हे माहीत नव्हतं, पण त्यांनी मान हलवली. मग तो म्हणाला की मला रंग बनवायचे आहेत, डोक्याने बनवायचे आहेत, वजनाने नाही, आणि तुम्ही स्वतः या काट्यावर शेवटचं कधी उभं राहिला होतात ते सांगा.

नर्सच्या हातातलं पेन खाली पडलं.

डॉक्टर ब्रुख उठले. ते उठत असताना टेबलही थोडं सरकलं. चेहरा लाल. "मी? मी पंधरा वर्षं इथे आहे. मला विचारता? मला?" त्यांनी पांढरा कोट काढून खुर्चीवर फेकला, बूट झटकून भिंतीवर मारले आणि रागाच्या भरात काट्यावर चढले.

काटा बराच वेळ हलत होता.

"एकशे चार," नर्सने वाचलं, आणि वहीत लिहिलं.

कोणी कोणाकडे बघत नव्हतं. डॉक्टर काट्यावरून उतरले. वहीत शाईने लिहिलेला आकडा खोडायचा तर वर सही लागे, आणि ती सही कारखान्याच्या संचालकांची. एकशे चार किलोचा माणूस ज्या कारखान्यात पंधरा वर्षं योग्य ठरला होता, तिथे नव्व्याण्णवचा अयोग्य कसा ठरवायचा, हा प्रश्न आता लेखी उपस्थित झाला होता.

डॉक्टर ब्रुख यांनी रक्तदाबाचा पट्टा हातात घेतला, यशवंतकडे पाहिलं आणि परत ठेवून दिला. "आज नको. आज तुमचाही नको आणि माझाही." त्यांनी कागदावर 'टाउग्लिश' लिहिलं, म्हणजे कामाला योग्य, आणि खाली सही केली. मग पेन न उचलता आणखी एक ओळ लिहिली.

यशवंत घरी आला तेव्हा वसुधा दारातच उभी होती. त्याने वाकून नाड्या सोडल्या, बूट जागेवर ठेवले, कोट खुंटीला लावला आणि म्हणाला, "सही झाली."

"मग?"

"मग काही नाही. चहा आहे का?"

ती वाट बघत राहिली. पेला आपटला नाही. डॉक्टरबद्दल, नर्सबद्दल, ट्रामबद्दल एक शब्द आला नाही. तिने पुढे होऊन त्याच्या कपाळाला हात लावला. "अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"छान वाटतंय," तो म्हणाला. "सगळं तिथेच बोलून आलो." आणि कागद तिच्या हातात दिला.

शेवटची ओळ अशी होती: नव्वद किलोवरील कर्मचाऱ्यांनी दर मंगळवारी पाच वाजता व्यायामास हजर राहावं. कारखान्यात नव्वदच्या वर दोनच माणसं निघाली. त्यामुळे ऑक्टोबरपासून दर मंगळवारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये टेबलं बाजूला सारली जातात, आणि रसायनशास्त्राचे डॉक्टर दाबके आणि वैद्यकाचे डॉक्टर ब्रुख अर्ध्या चड्ड्या घालून समोरासमोर उभे राहून पाच किलोचा कातडी चेंडू एकमेकांच्या पोटावर फेकतात. प्रत्येक फेकीबरोबर कोणी ना कोणी काहीतरी बोलतो. म्युलरचं नाव बऱ्याचदा निघतं. डॉक्टर ब्रुखही आता ते घेतात.

घरात इतकी शांतता झाली आहे की वसुधाने ग्रंथालयातून पुस्तकं आणून दोन महिन्यांत सगळी वाचली. श्रीपादने दिनकरदादांना पत्र लिहून कळवलं की खोली कोणालाही द्यायला हरकत नाही. त्या पत्रात यशवंतच्या स्वभावाबद्दल एक अक्षर नव्हतं. वसुधाने तपासून पाहिलं.

आता वजनाचं विचाराल तर ते मी इथे लिहिणार होतो. पण तो आकडा कुठे छापला तर बघून घेईन, असं यशवंतने मला बजावलं आहे, आणि हल्ली तो बाहेरही रागावतो.